पक्षाचा उमेदवार निवडताना तुमचं मत कोणाला गेलं? (डेमोक्रॅटिक प्रायमरी, २०२०)

नोव्हेंबरच्या अध्यक्षपदाच्या मतदानाबद्दल आपण अमेरिकेतली मराठी माणसं तावातावाने बोलतो. त्याआधी पक्षाचा उमेदवार ठरवताना काय विचार केला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. भारतात तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, इथे ते मतदार ठरवतो, प्रायमरी नावाच्या पक्षांतर्गत मतदानात. हा हक्क मला फार मोलाचा वाटतो. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षात वीसहून जास्त इच्छुक होते. मनाला एक आणि हिशेबाला दुसराच पटला, असं तुमचंही झालं का? कोण आवडलं, का आवडलं आणि शेवटी मत कोणाला दिलंत, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. मी न्यू जर्सीची, माझी पसंती एलिझाबेथ वॉरन यांना होती. ५ कोटी डॉलरच्या वरच्या संपत्तीवर वर्षाला २ टक्के कर लावायचा आणि त्यातून पाळणाघरांचा खर्च उचलायचा, हे त्या आकड्यांसकट समजावून सांगायच्या. दोन मुलांच्या डेकेअरची फी भरलेल्या बाईला ते लगेच कळतं. पण त्या ५ मार्चलाच शर्यतीतून बाहेर पडल्या. आमची प्रायमरी २ जूनला होती, ती कोविडमुळे ७ जुलैवर गेली. तोवर बायडन यांचं नामांकन पक्कं झालं होतं. मी त्यांनाच मत दिलं, मनापासून दिलं, पण निवड करायला मिळाली असं म्हणवत नाही.

आयोवा, डी मॉइनजवळ

आमच्याकडे प्रायमरी नव्हती, कॉकस होतं, म्हणजे एकत्र जमून उघडपणे केलेली निवड. ३ फेब्रुवारीची थंडी आणि शाळेचा जिम. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सगळ्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर! मी अँड्र्यू यँग यांच्या गटात उभा होतो. दरमहा हजार डॉलर प्रत्येक प्रौढ माणसाला, ही त्यांची कल्पना मला पटली होती, कारण यंत्रं माणसांची कामं घेणार हे ते एकटे ठासून बोलत होते. पण १५ टक्क्यांच्या खाली राहिलेला गट बाद होतो. आम्ही बाद झालो.

त्यानंतरचा वेळ मला सगळ्यात आवडला. बाकीच्या गटांतली माणसं आम्हाला बोलवायला आली. सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा देऊ म्हणणाऱ्या बर्नी सँडर्स यांच्या गटातल्या एका नर्सने, विमा नाही म्हणून उशिरा येणाऱ्या रुग्णांबद्दल सांगितलं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक पीट बुटिजेज या उमेदवारासाठी बोलले: तरुण आहे, सैन्यात होता, आणि समोरच्या पक्षाच्या माणसाशीही नीट बोलतो. कोणी आवाज चढवला नाही. मी बुटिजेज यांच्याकडे गेलो. निकाल सांगणारं अ‍ॅप त्या रात्री कोलमडलं आणि देशभर आमचं हसं झालं, त्याचं वाईट वाटतं, कारण खोलीत जे घडलं ते चांगलं होतं. एक खोट मात्र खरी होती. रात्रपाळीचा माणूस किंवा तान्ह्या बाळाची आई तासन्‌तास तिथे येणार कशी? २०२४ मध्ये डेमोक्रॅटांनी पसंती पोस्टाने घेतली, ते योग्यच झालं.

साउथ कॅरोलिना, कोलंबिया

माझ्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ कृष्णवर्णीय सहकारी बाईंमुळे मला ही निवडणूक समजली. त्यांना वॉरन आवडत होत्या. मत बायडन यांना. त्या म्हणाल्या, "मला कोण आवडतं हा प्रश्नच नाही. नोव्हेंबरमध्ये बाकीचा देश कोणाला मत देईल, हे मला बघावं लागतं." २६ फेब्रुवारीला आमच्या राज्यातले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला आणि २९ तारखेच्या प्रायमरीत बायडन यांना जवळपास निम्मी मतं पडली. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये मागे पडलेला माणूस इथून उठला. टीव्हीवर याला लाट म्हणत होते, पण त्यामागे अशा बायकांचा थंड डोक्याने केलेला हिशेब होता.

कॅलिफोर्निया, फ्रीमाँट

आमच्या भागात कमला हॅरिस यांचं फार कौतुक होतं. त्या डिसेंबर २०१९ मध्येच थांबल्या. मग मी बुटिजेज यांना मत दिलं, पोस्टाने, फेब्रुवारीतच. ते १ मार्चला बाहेर पडले, मतदान ३ मार्चला! पाठवलेलं मत परत घेता येत नाही. त्याच वर्षी कॅन्सस, अलास्का, हवाई आणि वायोमिंगमध्ये पसंतीक्रम लिहायची सोय होती: पहिला गेला तर मत दुसऱ्याला. जिथे पोस्टाने आधी मतदान होतं तिथे हे हवंच.

टेक्सस, ह्यूस्टन

मी तेव्हा कॉलेजात होते. आई-बाबांकडे ग्रीन कार्ड, नागरिकत्व नाही. म्हणजे घरात मत माझं एकटीचं आणि चर्चा तिघांची. मला सँडर्स हवे होते. बाबा म्हणायचे, कंपनीचा चांगला विमा सोडून सरकारी विम्यावर का जायचं? आई म्हणायची, नोकरी गेली की तो विमाही जातो, हे विसरू नका. आजी पुण्याहून आली की तिच्या विम्यावरून आम्ही काय काय सोसलंय, ते आठवून बाबा गप्प व्हायचे. माझं मत सँडर्स यांनाच गेलं, आणि त्यात आईचंही मत आहे असं मी धरते. टेक्सस बायडन यांनी जिंकलं. त्या रात्री टेक्सस सदर्न विद्यापीठातल्या केंद्रावर लोक मध्यरात्रीनंतरही रांगेत उभे होते, ते पाहून मला राग आला आणि त्यांचा अभिमानही वाटला.

ओहायो, कोलंबस

इथे सगळे डेमोक्रॅट दिसतात, म्हणून लिहितो. मी २०१६ साली रिपब्लिकन प्रायमरीत जॉन केसिक यांना मत दिलं. ते तेव्हा आमचे गव्हर्नर होते. स्वतःच्या पक्षाचा विरोध असताना त्यांनी ओहायोत मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार केला, आणि त्याचा उपयोग होताना मी पाहिला. त्यांनी फक्त ओहायो जिंकलं. तरी आजही कोणी उमेदवारी मागायला आला, की त्याने आधी कुठलं राज्य किंवा शहर चालवलंय आणि कसं, हेच मी पहिल्यांदा बघतो.