स्टार्टअप बंद केलं, आता नोकरी बघूलालोय. सीव्हीत काय लिहू?

अनगोळकर: नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांसाठी स्टॉक-डिस्पॅचचं सॉफ्टवेअर करायची आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड, मी आणि एक मित्र. गिऱ्हाइकं होती, पण बिलाचे पैसे सहा सहा महिने येईनात, म्हणून थांबवलं. आईबाबा इथंच आहेत त्यामुळं रिमोट पाहिजे, फार तर महिन्यातनं एकदा पुणे. बेंगळुरू नको. मुलाखतीत सगळे विचारतात, परत स्वतःचं काढून जाणार नाही कशावरून? सीव्हीत फाउंडर लिहू का डेव्हलपर?

निपाणीकर: बेंगळुरूच गाठ. २०२५ च्या ऑगस्टपासून वंदे भारत पण झालीय. माझा भाचा गेला, आता स्वतःचा फ्लॅट आहे.

टिळकवाडी_२: तो नको म्हणूलालाय की ओ. पुण्याला पण वंदे भारत आहे, हुबळीहून येती, आठवड्यातनं तीन दिवस.

निपाणीकर: तीन दिवसाची गाडी काय कामाची? बेंगळुरूची राणी चन्नम्मा एक्सप्रेस बरी, रात्री बसायचं सकाळी उतरायचं.

खानापूर_रोड: मी पुण्यात मुलाखती घेतो म्हणून सांगतो. फाउंडर वाचलं की समोरच्याला वाटतं हा हाताखाली काम करणार नाही. 'सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि सहसंस्थापक' असं लिही, खाली कुठला डेटाबेस, किती युजर, सर्व्हर पडला तर कोण उठायचं ते सगळं. बंद का केलं ते दोन वाक्यात सांग, गिऱ्हाइकाला शिव्या घालू नको. आणि जुन्या गिऱ्हाइकाचा नंबर रेफरन्स म्हणून दे, त्यानं लई फरक पडतो.

गोगटे_सर्कल: एमटेक असलं तर कॉलेजात लेक्चरर हो. व्हीटीयू, इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, गावातच आहे, कॉलेजं कमी नाहीत.

हिंदवाडी_ताई: कागदं आधी बघ रे बाबा. माझी ऑफर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकली, माझ्या जुन्या कंपनीच्या सरकारी रेकॉर्डला मी अजून डायरेक्टर दिसत होते. नुसता राजीनामा देऊन चालत नाही, डायरेक्टर बदलल्याचा डीआयआर-१२ फॉर्म भरावा लागतो, आणि प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात, तू निघालास तर मित्र एकटा अडकतो. कायमची बंद करायची तर कंपनीचं नाव काढून टाकायचा एसटीके-२ अर्ज, फी १०,०००, पण आधी सगळी देणी फेडायची. जीएसटी नंबर रद्द केलास की तीन महिन्यात शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०. रिलिव्हिंग लेटर, म्हणजे आधीची नोकरी सोडल्याचं पत्र, तुला कोण देणार? आयटीआर, बँक स्टेटमेंट, पगार काढला असलास तर फॉर्म १६ ठेव.

टिळकवाडी_२: हेच म्हणणार होतो, रिलिव्हिंग लेटरच्या जागी आयटीआर चालतो.

निपाणीकर: बेंगळुरूत असलं कुणी विचारत नाही.

हिंदवाडी_ताई: माझी अडकली ती बेंगळुरूचीच ऑफर होती.

अनगोळकर: सगळ्यांचे आभार. सीव्ही खानापूर रोड म्हणतात तसा केला. पण नोकरी उद्यमबागेतच घेतोय, आमच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाकडं. पगार पुण्यापेक्षा कमी आहे, पण ते सॉफ्टवेअर तिथं अजून चालू आहे आणि मला ते पुढं न्यायचंय. डायरेक्टर असल्याचं त्यांना लेखी कळवलंय. एसटीके-२ केलेला बेळगावातला सीए माहीत असेल तर मेसेज करा.