कापडी पॅड शिवण्याचं प्रशिक्षण : साहित्य काय घ्यावं?

रानजाई
मोखाड्यात बचत गटाच्या 20 बायकांना दोन दिवसांत कापडी पॅड शिवायला शिकवायचंय, सोबत पाळीची माहिती. शिलाई मशीन 4 आहेत. बजेट कापडासकट 8 हजार. काय घेऊ?

उद्योगिनी
मुरुगनंतम पद्धतीचं, स्वस्तात वापरून टाकायचे पॅड बनवणारं यंत्रच घ्या. लगदा पिंजणं, दाबणं, सील करणं, यूव्ही किरणांनी निर्जंतुक करणं. गटाला कायमचं काम मिळेल. 2018 पासून पॅडवर जीएसटीही नाही.

सुईदोरा
ताईंचं बजेट 8 हजार आहे! पावसाळ्यात लगदा ओल धरतो, वीज गेली की सीलिंग अडतं. आणि जीएसटी माफ आहे तो तयार पॅडवर, कच्च्या मालावर नाही.
वर फ्लॅनेल, आत टर्किश टॉवेलचे 2 थर, खाली पीयूएल, म्हणजे पाणी न झिरपणारं कापड. कापड रात्रभर भिजवून, खळ काढून, वाळवून मगच कापा. नाहीतर पॅड आटतो आणि खळीमुळे ओल वरच्यावर ओघळते. आतले थर फक्त वरच्या फ्लॅनेलला शिवा. पीयूएलला टाचण्या नकोत, भोकातून गळतं. चिमटे लावा.

मनीमाऊ
फ्लॅनेलच घ्या, खळ काढाच. टिचबटणं प्लास्टिकची, लोखंडी गंजतात. धागा सुती.

सुईदोरा
सुती धागा अजिबात नको! तो ओल शोषून शिवणीतून खाली उतरवतो. पॉलिस्टर वापरा.

परिचारिका_पालघर
शिवणातच दोन्ही दिवस घालवू नका. आधी गार पाण्यात धुवायचं, गरम पाण्याने डाग पक्का होतो. लाजेने साडीखाली वाळत घातलेला पॅड दमट राहून बुरशी धरतो. यावर मोकळेपणी बोलायला अर्धा दिवस तरी ठेवा. तासाभरात पॅड भिजत असेल किंवा पाळी 7 दिवसांवर जात असेल, तर तपासणी करायलाच हवी.

रानजाई
सगळ्यांचे आभार. पीयूएल आणि टॉवेल दोन्ही घेत नाही. पावसाळ्यात इथे ऊनच नसतं, शिवून बंद केलेले थर आतून वाळत नाहीत. खाली पंख आणि टिचबटण असलेली दुपदरी सुती पट्टी, तिच्यावर दोन आडव्या नाड्या. त्यांत फ्लॅनेलचा मोकळा रुमाल, 21 बाय 42 सेंमी, सहा पदरी घडी करून अडकवायचा. धुताना उलगडला की एकपदरी, लवकर वाळतो. 90 सेंमी पन्ह्याच्या मीटरभर कापडात 8 बसतात, म्हणजे प्रत्येकीला 4 धरून 10 मीटर. पीयूएल नाही, म्हणून दर 3 तासांनी बदलायला सांगेन.

सुईदोरा
मग रुमालाचे काठ जाड दुमडू नका, टोचतात. नुसतं झिगझॅग मारा. आणि आधी एकावर 30 मिली रंगीत पाणी दोन मिनिटांत हळूहळू ओता, वर किलोचं वजन मिनिटभर ठेवून पट्टी मागून ओली झाली का बघा.