छापा म्हणजे कुठली बाजू? तुमचे अनुभव सांगा

काल भाच्याने नाणं उडवलं, मी ‘छापा’ म्हणाले. सिंह वर आले. तर तो म्हणतो, “हरलीस मावशी! छापा म्हणजे आकडा.” मी जन्मभर सिंहाला छापा आणि आकड्याला काटा म्हणत आले. तुमच्याकडे कसं होतं? आठवेल ते लिहा.

–

सिंहच! आजोबा व्हिक्टोरियाच्या रुपयाला ‘राणीछाप’ म्हणायचे. राणीची छाप ती छापा, असं त्यांनीच शिकवलं. 1950 साली राजाचा मुखवटा जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, पण आमच्या घरात छापा त्याच बाजूला राहिला.

–

आमचं भांडण 1999 च्या दोन रुपयांच्या नाण्यावरून. एका बाजूला शिवाजी महाराज. सिंह आणि आकडा दोन्ही मागच्या बाजूला. मी छापा मागितला, महाराज वर आले. आम्ही म्हणालो चेहरा तो छापा, समोरचे म्हणाले सिंह तो छापा. दोघांचंही बरोबरच होतं, त्यामुळे कोणी हटेना. शेवटी बॅट उडवली, सपाट की फुगीर. आता मी पंच म्हणून उभा राहतो तेव्हा आधी दोन्ही कप्तानांना नाणं दाखवतो: हा छापा, हा काटा. मगच उडवतो.

–

आमच्या खेळात नाणं नसायचंच. खापरीच्या एका बाजूला थुंकी लावायची आणि विचारायचं, “ओली की सुकी?” छापा-काटा हा शब्द मी बराच उशिरा ऐकला.

–

मला ‘नाणेफेकीचा कौल’ फार आवडतो. देवाला लावतात तोच कौल. मराठी शिकणाऱ्या माझ्या सुनेला मात्र ‘पोलिसांनी छापा टाकला’ हे वाचून वाटलं, त्यांनीही नाणंच उडवलं! मग छाप, छापखाना, छापा असं सगळं घेऊन बसलो. छान गेली ती संध्याकाळ.

–

आईची अंगठी एकच होती. दादा म्हणाला, छापा-काटा करू. लहानपणापासून छापा त्याचा, काटा माझा, त्यामुळे कोणी काही मागितलंच नाही. काटा आला. अंगठी माझ्या बोटात आहे. ते पाच रुपयांचं नाणं दादाने जपून ठेवलंय.