भाचीला अंतराळयुद्धाची कोणती मालिका द्यावी?

कर्वेनगरची मावशी: भाची बारावीत आहे, एनडीएची तयारी करतेय. ३० मे २०२५ ला खडकवासल्यातून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. ते संचलन तिने किती वेळा पाहिलं त्याला हिशेब नाही. तिला मी डेव्हिड वेबरची ऑनर हॅरिंग्टन मालिका देणार आहे. पहिलं पुस्तक ‘ऑन बॅसिलिस्क स्टेशन’, १९९३ चं. नायिका ऑनर अंतराळ आरमारातल्या एका क्रूझरची, म्हणजे युद्धजहाजाची, कप्तान. त्यावरची बहुतेक शस्त्रं उतरवून एक प्रायोगिक शस्त्र बसवतात. सरावात एकदा डाव साधतो, मग सगळे सावध होतात आणि ती हरत राहते. चूक वरिष्ठांची, पण आडगावच्या ठाण्यावर रवानगी हिची. तिथला वरिष्ठही दुरुस्तीच्या निमित्ताने जहाज घेऊन निघून जातो. उरतं एक जहाज, खट्टू झालेले खलाशी, आणि गस्तीपासून कस्टम्सपर्यंत सगळं हिच्या गळ्यात. ती मुकाट्याने मालाची तपासणी सुरू करते. मला तो भाग लढाईपेक्षा जास्त आवडला.

पेठेतला वाचक: मला नाही पटत. ऑनर कधी चुकतच नाही. शिवाय शेवटचा पाठलाग ऐन रंगात आलेला असताना लेखक अवकाशप्रवासाच्या तंत्राचा इतिहास सांगत बसतो! त्यापेक्षा एलिझाबेथ मूनची वट्टा मालिका द्या, पाच पुस्तकं, पहिलं २००३ चं. तिची नायिका कायलारा वट्टा भलत्यावर विश्वास टाकते आणि शेवटच्या वर्षाला सैनिकी अकादमीतून बाहेर पडते. घरचे तिला भंगारात काढायचं जहाज पोचवायला पाठवतात. ही मुलगी मला खरी वाटते.

खडकीचे काका: तंत्राला नावं ठेवू नका. वेबरच्या जहाजांना वरून-खालून गुरुत्वाच्या पट्ट्यांचं अभेद्य कवच असतं. मारा करायचा तो बाजूने, नाहीतर पुढून-मागून. म्हणून शिडाच्या जहाजांसारखी कुशीला कूस लावून लढाई होते. शिडाच्या युद्धनौकांवरच्या हॉर्नब्लोअरच्या कादंबऱ्यांचं ऋण लेखक उघड मानतो. सैन्यात जाणाऱ्या मुलीला हा विचार करायची सवय लागू दे.

एक आई: बारावी आहे हो तिची! परीक्षा होऊ दे आधी.

कर्वेनगरची मावशी: परीक्षेनंतरच देणार, ताई. पण पेठकर, ऑनरला सगळं सोपं जातं असं म्हणू नका. शेवटी तिच्या जहाजावरची किती माणसं जातात ते पुन्हा वाचा.

पेठेतला वाचक: वाचलंय, आणि ते मलाही लागलं. पण तिथेही तिचा निर्णय बरोबरच ठरतो. कायलारा माणसं मारते आणि आपल्याला त्यात आनंद झाला हे जाणवून हादरते. हातात शस्त्र घेणाऱ्या मुलीने आधी ते पान वाचावं.