पोटातले कावळे भिंतीवर काढायचे का?

कृष्णाकाठी: आमच्या सांगलीत एका शाळेची बाहेरची भिंत रंगवायचं ठरलंय. विषय आहे उपमा आणि वाक्प्रचार. पेंटरनं कच्ची चित्रं पाठवलीत. भुकेल्या पोराचं पोट काचेसारखं आरपार, आत चार कावळे. चंद्रमुखी म्हणून बाईच्या मानेवर खड्ड्यांसकट अख्खा चंद्र. माझं मत, हे करू नये. उपमेय (ज्याला उपमा देतो ते) आणि उपमान (ज्याची उपमा देतो ते) यांच्यात एखादाच गुण जुळतो, बाकीचं सोडून द्यायचं असतं. चंद्राचा शीतलपणा घ्यायचा, डाग नाहीत. ऐकणारा हे आपोआप गाळतो. चित्रात मात्र गाळलेलंही समोर येऊन बसतं.

शाहूपुरीचा चित्रकला मास्तर: साताऱ्याहून विरोध नोंदवतो. 'पोटात कावळे ओरडणे' याचा वाक्यात उपयोग करा म्हटलं की पोरं झोपेतही लिहितात, डोळ्यांपुढं काही येत नाही. चित्र काढायला बसली की विचारतात, 'सर, कावळेच का? चिमण्या का नाहीत?' हा प्रश्न मला व्याकरणाच्या तासाला कधी ऐकू आला नाही. आणि उपमा चित्रात येत नाही हे कुणी सांगितलं? बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१४ साली भारतीय मूर्ती-चित्रांच्या शरीररचनेवर लिहिलं, त्यात आकृत्याच दिल्यात. डोळा माशासारखा, हरणासारखा, कमळाच्या पाकळीसारखा. हात हत्तीच्या सोंडेसारखा. धड गाईच्या तोंडासारखं. आपल्या कलाकारांना उपमा म्हणजे हातातली मोजपट्टी होती.

कृष्णाकाठी: मास्तर, उदाहरण तुमचं, पण साक्ष माझ्या बाजूची. त्या कलाकारांनी चेहऱ्यावर मासा चिकटवला नाही. डोळा डोळाच राहिला, माशाचं फक्त वळण घेतलं. तेही जमलं, कारण तिथं साधर्म्य आकाराचं आहे. 'साखरेसारखं बोलणं' कसं काढणार? तोंडातून साखरेचं पोतं सांडताना? आणि अनन्वय अलंकार, जिथं उपमा ज्याची त्यालाच देतात? 'आईसारखी आईच' याचं चित्र काढून दाखवा, चहा माझ्याकडून.

पलूस लोकल: दोन आया काढा, एकसारख्या 😄
गमतीचं सोडा. शेजारच्या किर्लोस्करवाडीतून १९२० पासून मासिक निघत होतं, आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रं काढायचे. व्यंगचित्र रूपकावरच तर चालतं. खुर्चीला चिकटलेला पुढारी शब्दशः चिकटलेलाच काढतात, आणि लाकडावर डिंक लागलाय असं कुणी समजत नाही. लोकांना तुम्ही समजता त्याहून जास्त कळतं.

मिरजेची गाडी: लय ताणताय राव. पोरं भिंतीकडं बघून हसली तरी बास की. त्या जागी आधी गुटख्याची जाहिरात हुती, तवा कुणाचं साधर्म्य बिघडलं न्हाई.

निवृत्त_मराठी: दादा, हसू नक्की येईल, पण अर्थ येईल का? ब्रूगेल या चित्रकारानं १५५९ साली एकाच चित्रात शंभराच्या वर डच म्हणी शब्दशः रंगवल्या. एक जण भिंतीवर डोकं आपटतोय, दुसरा वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवतोय. आज आपण ते पाहिलं तर हातात यादी घ्यावी लागते. म्हण आधी कानावर पडलेली असली तरच चित्र बोलतं. आमच्या इंग्रजी माध्यमातल्या नातवाला पोटातले कावळे दिसले तर तो म्हणेल, या मुलानं कावळे खाल्ले.

शाहूपुरीचा चित्रकला मास्तर: मग विचारेल की आजोबांना! वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवणं तर मला यादी न बघताही कळलं, आपल्याकडच्या कारभारासारखंच आहे ते.
बाकी चंद्राचं डोकं पेंटरनं काढून टाकावं, ते मलाही भयाण वाटलं. कावळे ठेवा. पोट आरपार नको असेल तर रिकामं ताट, समोर पोरगं आणि ताटाच्या काठावर कावळा.

मिरजेची गाडी: मास्तर, रिकाम्या ताटाशी कावळा बसला तर आपल्याकडं भूक कोण म्हणंल? दहावा हाय म्हणून लोक चपला काढून हात जोडतील.