गणित प्रदर्शनासाठी एखादी मोठी संख्या सुचवा

कोथरूडची आई: आठवीतल्या माझ्या मुलीला २२ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय गणित दिनी, शाळेच्या प्रदर्शनात एका मोठ्या संख्येचा तक्ता मांडायचा आहे. संख्या दहा अंकांपर्यंतची असावी आणि तिचा गुणधर्म पाहुण्यांसमोर कागद-पेन्सिलीने पडताळता यावा. खर्चाची मर्यादा ३०० रुपये आहे.

भागाकार: ७३९३९१३३ घ्या. उजवीकडून एकेक अंक पुसत गेलात, तरी शेवटच्या ७ पर्यंत उरणारी प्रत्येक संख्या मूळच असते आणि या जातीची याहून मोठी संख्या नाही. आमच्या चिरंजीवांनी ती मागून दिवे सोडलेल्या ॲक्रिलिकच्या फलकावर मांडली होती. साडेचार हजार गेले, पण पहिले बक्षीस घरी आले.

पेन्शनर, सदाशिव पेठ: मर्यादा ३०० रुपयांची आहे, हे वाचण्याची तसदी घेतली असती तर बरे झाले असते. शिवाय ही संख्या मूळ आहे हे हाताने पडताळायचे, तर ८५९८ पर्यंतच्या हजाराहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. तोवर सतरंज्या उचललेल्या असतील. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या गणितज्ञ कापरेकरांची ६१७४ पुणेकरांना का आठवत नाही? सगळे सारखे नसलेले कोणतेही चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी तीच येते.

नाशिककर: ते शिकले फर्ग्युसनमध्ये, पण शिक्षकी त्यांनी देवळालीत केली, तेव्हा श्रेय वाटून घ्यावे. आणि चार अंकी संख्येला मोठी कोण म्हणेल?

पेन्शनर, सदाशिव पेठ: मोठेपण अंक मोजून ठरत नाही.

खडूफळा: ३८१६५४७२९० पाहा. हिच्यात ० ते ९ हे अंक एकेकदाच येतात. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, तीन अंकांच्या संख्येला ३ ने, असे करत पूर्ण संख्येला १० ने निःशेष भाग जातो, आणि अशी ही एकमेव संख्या आहे. ७ सोडता बाकीच्या कसोट्या मुलांना येतात. ७ ला सरळ भागाकार मांडावा, ५४५२२१ येतात. मात्र रंगवण्याआधी अंक तपासा. गेल्या वर्षी माझ्या तक्त्यावर ६ आणि ५ यांची अदलाबदल झाली, ३८१५ ला ४ ने भाग जाईना, आणि ते पाचवीतल्या एका मुलीने सर्वांदेखत दाखवून दिले.

वाचनमात्र: वरचे प्रतिसाद वाचलेले नाहीत, पण ७३९३९१३३ ही संख्या फार सुंदर आहे.

कोथरूडची आई: सर्वांचे आभार. मुलीने मात्र ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, ही संख्या निवडली आहे. याच घडणीच्या, म्हणजे २ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत मिळणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मूळ असल्यामुळे पुढच्याही मूळच असतील, असे फर्माने मानले होते. १७३२ मध्ये ऑयलरने हिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. थोर गणितज्ञाची चूक मांडायला मिळते, याचाच तिला आनंद आहे. काल तिने ६७००४१७ गुणिले ६४१ हा गुणाकार केला. दोनदा हातचा विसरली, तिसऱ्यांदा जमला. अप्पा बळवंत चौकातून दोन कार्डशीट आणि स्केचपेन आणले आहेत.

भागाकार: मग विचारले कशाला?

खडूफळा: ६४१ मूळ आहे का, असे कोणीतरी विचारणारच. २३ पर्यंतच्या नऊ मूळ संख्यांनी भागून दाखवण्याची तयारी ठेवा.