पहिल्या वर्षाचे पहिले तीन महिने: आपापले अनुभव लिहावेत

माझी भाची यंदा लातूरहून पुण्याला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेली आहे. तिच्या रोजच्या फोनवरून लक्षात आले की प्रवेशफेऱ्यांची माहिती सगळे देतात, पण प्रवेश मिळाल्यानंतरच्या दिवसांविषयी कोणी फारसे बोलत नाही. १९९८ साली मला मेसच्या ‘खाड्या’चा नियम ठाऊक नव्हता, गावी जाण्याआधी वहीत खाडा लिहिला नाही, म्हणून न जेवलेल्या नऊ दिवसांचेही पैसे भरावे लागले आणि महिनाअखेरीस चहा बंद झाला. अशाच बारीकसारीक, पण त्या वयात जड गेलेल्या गोष्टी आपण लिहाव्यात, ही विनंती.

* * *

मी दहावी मराठी माध्यमातून झालो आणि लगेच तंत्रनिकेतनात गेलो, त्यामुळे अकरावी-बारावीत इंग्रजीशी जी ओळख होते, तीही माझ्या वाट्याला आली नाही. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ‘मोमेंटम’ आले, तेव्हा हे काहीतरी नवे आहे असे समजून मी गप्प बसलो. संवेगाची गणिते मात्र मला हातखंडा येत होती. मग वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखले: संवेग-मोमेंटम, त्वरण-ॲक्सिलरेशन, अपवर्तनांक-रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स. दिवाळीपर्यंत ती यादी अकरा पानांची झाली होती.

खरा धीर दिला तो वर्कशॉपने. फिटिंगच्या जॉबवर, म्हणजे घासायला दिलेल्या लोखंडी तुकड्यावर, चार तासिका कानस चालवूनही गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावला की फटीतून उजेड दिसायचा, आणि आमचे निदेशक तो जॉब खिडकीपुढे धरून, काही न बोलता परत देत. पाचव्या खेपेला उजेड दिसला नाही. तिथे कोणाचे इंग्रजी कामाला येत नव्हते. भर वर्गात शंका विचारवत नसेल, तर ती प्रात्यक्षिकाच्या वेळी विचारावी; वीस जणांच्या बॅचमध्ये तोंड उघडते.

* * *

शिष्यवृत्तीविषयी लिहिते. महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा, अर्ज मंजूर झाला, तरी पैसे खात्यात दिसेनात. कॉलेजच्या कार्यालयात चार वेळा गेले आणि चारही वेळा ‘येतील’ एवढेच उत्तर मिळाले. वस्तुस्थिती अशी होती की ही रक्कम आधार क्रमांकाशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होते, आणि माझा आधार शाळेत असताना आईने गावच्या बँकेत काढून दिलेल्या खात्याशी जोडलेला होता. आईने पासबुक भरून आणले, तेव्हा पैसे पाच महिन्यांपासून तिथेच पडून असल्याचे कळले. तोवर मी मैत्रिणीचे उसने घेऊन बसले होते. हा अर्ज दर वर्षी नव्याने पुढे चालू ठेवावा लागतो, हेही कोणी आपणहून सांगत नाही.

* * *

सावंतवाडीहून नागपूरला गेले. आई दर खेपेला सुकटीची चटणी द्यायची आणि डबा उघडला की खोलीत वाद व्हायचा. शेवटी असे ठरले की रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा डबा गच्चीवर उघडायचा. दिवा किती वाजता मालवायचा, हेही आम्ही त्याच बैठकीत ठरवले; ते पहिल्या आठवड्यातच ठरवायला हवे होते.

* * *

वसतिगृहात वरच्या वर्षाची मुले आम्हा चौघांकडून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आपली जर्नल्स लिहून घेत. मारहाण नव्हती, म्हणून हे रॅगिंग नव्हेच, अशी आमची समजूत होती. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत आपले अभ्यासाचे काम नवख्या विद्यार्थ्याकडून करून घेणे हेही रॅगिंगच ठरवले आहे. प्रवेशाच्या वेळी आपण ज्या हमीपत्रावर न वाचता सही करतो, ते त्याच विनियमांतले. तोंडी तक्रार दोनदा हवेत विरली. चौघांच्या सहीचा अर्ज देऊन त्याची पोच घेतली, तेव्हा प्रकार थांबला. आयोगाची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ ही आहे.

* * *

सर्वांचे आभार. भाचीला विचारले, तर आधार कोणत्या खात्याशी जोडलेला आहे हे तिलाही ठाऊक नव्हते. सोमवारी पहिला तास बुडवून बँकेत जाणार आहे. तिच्या आईला हे मी सांगितलेले नाही.